बुंदीची परीक्षा

वैजयंती हत्तुरेबाईंनी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या वर्गात शिरल्या की फक्त पंख्याचा आवाज उरायचा, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, नवरा जाऊन सहा. जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आता त्या आणि बुंदी अशा दोघीच राहत होत्या.

बुंदी खरं तर त्यांची नव्हतीच. लॉकडाऊनमध्ये आसरा चौकातून त्यांच्या मुलीनं, ऋतुजानं उचलून आणलेलं पिल्लू. आई लॅब्रेडॉर असावी आणि बाप रस्त्यावरचा. पुढं ऋतुजाला पुण्यात नोकरी लागली, तिथल्या खोलीत कुत्रं चालत नव्हतं. "दोनच महिने सांभाळ, आई," म्हणून ती गेली त्याला दोन वर्षं उलटली. बाईंनी बुंदीला वेळेवर जेवण घातलं, डॉक्टरकडे नेलं, सकाळ-संध्याकाळ फिरवलं. फक्त बुंदी त्यांचं ऐकायची नाही. हजार पोरांना गप्प बसवलेल्या बाईला एक कुत्री जुमानत नव्हती, आणि हे त्यांना मनातून लागत होतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी दार उघडं राहिलं आणि बुंदी जिन्यात सुटली. दुसऱ्या मजल्यावरच्या धनाजीच्या आई, बजाबाई, भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. बुंदीनं प्रेमानंच दोन्ही पंजे त्यांच्या खांद्यावर ठेवले. म्हातारी तीन पायऱ्या खाली गेली. मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं.

धनाजीच सोसायटीचा सचिव होता. पार्किंगमध्ये बैठक झाली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, कायद्यानं कुत्रं काढायला लावता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जिन्यात बायका-पोरं असतात. काहीतरी करा."

कायद्याच्या आडोशानं शेजाऱ्यांत राहायचं बाईंना पटलं नाही. कुणीतरी सांगितलं, विजापूर रोडच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर सरफराज नदाफ म्हणून एक जण कुत्र्यांचे वर्ग घेतो. आठ आठवडे, बुधवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाला. शेवटी पुण्याहून परीक्षक येतात, आज्ञापालनाची परीक्षा होते, पास झालं तर प्रमाणपत्र मिळतं. बाई बैठकीत म्हणाल्या, "बुंदी ती परीक्षा पास होईल. नाही झाली तर मी तिची दुसरीकडे सोय करीन."

बोलून गेल्या, आणि मग रात्रभर त्यांना झोप आली नाही.

पहिल्या दिवशी मैदानावर सहा कुत्री आणि सहा माणसं जमली. चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर असलेला शिवराज आपला डॉबरमन घेऊन आला होता. हा आडदांड प्राणी सगळा वेळ मालकाच्या मागे लपून उभा होता. बँकेत काम करणारी झीनत एक पांढरं, केसाळ कुत्रं काखेत धरून उभी होती, ते जमिनीवर ठेवलं की रडायचं. सरफराज पस्तिशीचा, सडपातळ, पायात जुने कॅनव्हासचे बूट. तो कमी बोलायचा. कुत्र्यांशी बोलायचा त्याहूनही कमी माणसांशी.

"आधी बसायला शिकवू," तो म्हणाला. "एकदा सांगायचं. बसलं की लगेच खाऊ. नाही बसलं तर पुन्हा सांगायचं नाही, थांबायचं."

बाईंनी बुंदीसमोर उभं राहून आज्ञा दिली. आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. शिवराजचा डॉबरमन खाली बसला. झीनतचं कुत्रं बसलं. बुंदी शेपटी हलवत उभी राहिली.

सरफराजच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. तो म्हणाला, "मॅडम, कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात. तिला ऐकू येतंय. हळू सांगा."

बाईंना हळू बोलायची सवयच नव्हती. पण त्या शिकायला आल्या होत्या, आणि शिकायचं म्हटलं की त्यांच्यासारखी विद्यार्थिनी शोधून सापडली नसती. त्यांनी वही केली. घरी मांसमच्छी चालत नव्हती, म्हणून खाऊ काय द्यायचा याचे प्रयोग केले, आणि भाजलेल्या शेंगदाण्यासाठी बुंदी जीव टाकते असा शोध लागला. तिसऱ्या आठवड्यापर्यंत बुंदी बसायला लागली, पट्टा न ओढता बाजूनं चालायला लागली.

अडलं ते हाकेवर.

चौथ्या आठवड्यात सरफराजनं प्रत्येकाला वीस पावलांवर उभं केलं. पट्टा सोडायचा, नाव घ्यायचं, "ये" म्हणायचं. डॉबरमन आला. झीनतचं पांढरं कुत्रं धडपडत आलं. बाईंनी हाक मारली तशी बुंदी धावत निघाली आणि दहा फुटांवर येऊन थबकली. कान मागे, शेपटी खाली. पुढं येईना. शिवराजनं सहज हाक मारली तर ती त्याच्याकडे उड्या मारत गेली.

बाईंचा चेहरा उतरला. सरफराज त्यांच्याजवळ आला.

"घरी तुम्ही ये म्हणता, ती येते. मग काय होतं?"

"काय होतं म्हणजे?"

"आल्यावर तुम्ही काय करता?"

बाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "आंघोळ घालते. नखं कापते. माणसं येणार असली तर गॅलरीत बांधते. चप्पल कुरतडली असेल तर..."

"तर?"

"बोलावते आणि रागावते."

सरफराजनं मान हलवली. "मग ती कशाला येईल? मॅडम, एक नियम आहे. हाक मारून शिक्षा करायची नाही. आंघोळ घालायची असेल तर तुम्ही उठून तिच्याकडे जा. रागवायचं असेल तरी तुम्ही जा. हाक मारली आणि ती आली, की फक्त चांगलंच झालं पाहिजे. एकदा जरी फसवलं तरी ती हाक खोटी होते."

"आणि तिनं मोठी चूक केली असेल तर?"

"तरीसुद्धा."

बाई हसल्या. "असं वर्गात चाललं नसतं हो."

सरफराज बुंदीच्या कानामागे खाजवत होता. मान वर न करता म्हणाला, "चाललं असतं, बाई."

गेले चार आठवडे तो त्यांना मॅडम म्हणत होता. त्यांच्या शाळेत मात्र सगळी पोरं शिक्षिकांना बाईच म्हणायची. वैजयंतीबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही माझ्या हाताखाली होतात?"

"नववी क. दोन हजार तीन." तो उठला आणि पुढच्या कुत्र्याकडे गेला.

घरी आल्यावर बाईंनी कपाटातून वर्गाचे फोटो काढले. सगळ्या वर्षांचे त्यांनी जपून ठेवले होते, मागे नावं लिहून. नववी क, दोन हजार तीन-चार. चाळीस पोरं, मधे खुर्चीत त्या स्वतः, ताठ. त्यांनी सगळी नावं दोनदा वाचली. सरफराज नदाफ त्यात नव्हता. त्यांना अंधूक आठवत होता एक बारीक मुलगा, खिडकीजवळचा, वहीत चित्रं काढणारा. तोच हा की दुसरा कुणी, त्यांना सांगता आलं नसतं.

रविवारी त्या अर्धा तास आधी मैदानावर गेल्या. सरफराज एकटाच होता, काठ्या रोवून दोरी बांधत होता.

"तू फोटोत नाहीस," बाई म्हणाल्या. तुम्हीचं तू कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही.

"फोटो जानेवारीत काढायचे, बाई. मी डिसेंबरात गेलो."

"का गेलास?"

त्यानं दोरीची गाठ पुरी केली. मग म्हणाला, "प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप फुटला होता. नवा होता. तुम्ही वर्गात म्हणालात, ज्यानं फोडला असेल त्यानं पुढं यावं, मी काही करणार नाही. मला फक्त खरं कळू दे."

"मग?"

"मी आलो पुढं. माझ्याच हातून पडला होता." तो सांगताना कुठं अडखळला नाही, बहुधा मनात बरेचदा सांगून झालं असावं. "तुम्ही मला हाताला धरून हेडमास्तरांकडे नेलंत. अब्बांना बोलावून घेतलं. अब्बा ट्रकवर होते, आठ दिवसांनी आले. तोवर मी ऑफिसच्या बाहेर उभा. आल्यावर अब्बांनी तिथंच, सगळ्यांच्या समोर मारलं. म्हणाले, शाळा बास. दुसऱ्या दिवसापासून मला गॅरेजला लावलं."

बाईंनी विचारलं, "मी काही करणार नाही, असं म्हणाले होते मी?"

"व्हय, बाई. शब्द माझ्या लक्षात आहेत."

"मला हे आठवत नाही, सरफराज."

"तुम्हाला कसं आठवणार. तुमच्यापुढं रोजचीच पोरं." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि त्यामुळंच ते बाईंना जास्त झोंबलं.

तेवढ्यात शिवराजची मोटार आली. वर्ग सुरू झाला. बाईंनी त्या दिवशी सगळं यांत्रिकपणे केलं. बुंदी दहा फुटांवरच थांबत राहिली.

पुढचे तीन दिवस त्या घरातून फारशा बाहेर पडल्या नाहीत. आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. प्रयोगशाळेच्या खिडक्या आठवल्या, आम्लांच्या बाटल्यांचा वास आठवला, तो मायक्रोस्कोप शाळेला कुणी देणगी म्हणून दिला होता तेही आठवलं. मुलगा आठवेना. एका पोराचं शिक्षण ज्या दिवशी थांबलं तो दिवस त्यांच्या लेखी इतर दिवसांसारखाच होता. असे आणखी किती असतील, हा विचार आला की त्या उठून स्वयंपाकघरात जात आणि उगाच भांडी आवरत.

बुधवारी त्या वर्गाला गेल्या नाहीत. तोंड कसं दाखवायचं, हा एक प्रश्न. दुसरा असा, की माफी मागायची तर कशाची मागायची? जे आठवतच नाही त्याची माफी मागणं त्यांना खोटं वाटत होतं.

आठ वाजता फोन वाजला. सरफराज होता.

"बाई, आज आला नाहीत."

"बरं वाटत नव्हतं."

"रविवारी या. खंड पडला की बुंदी मागं जाईल. चार आठवडेच राहिलेत."

"सरफराज, मी..."

"या, बाई," तो म्हणाला. "मी वाट बघतो."

रविवारी त्या गेल्या. सगळे जमले होते. बाईंना वाटलं होतं एकटं गाठून बोलू, पण मग वाटलं, त्याला मार सगळ्यांसमोर बसला होता. त्यांनी बुंदीचा पट्टा झीनतच्या हातात दिला आणि सरफराजसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला तो दिवस आठवत नाही," त्या म्हणाल्या. आवाज हळू होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आठवला असता तर बरं झालं असतं. पण तू सांगतोस तसंच झालं असणार. मी पोरांना असं सांगून बोलवायची, हे मला आठवतं. तुला शब्द दिला आणि मोडला. माझं चुकलं."

शिवराज आणि झीनतला काही कळलं नाही. ती दोघं कुत्र्यांकडे बघत राहिली. सरफराजनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"हे ऐकायला मी सांगितलं नव्हतं, बाई," तो म्हणाला.

"मला माहीत आहे."

"पण ऐकलं. बरं वाटलं." मग त्यानं घसा साफ केला. "चला, रांग धरा सगळे. ऊन चढायच्या आत आटपू."

त्या दिवसापासून बाईंनी घरी एक शिस्त लावून घेतली, बुंदीला नव्हे, स्वतःला. आंघोळ घालायची असली की त्या बादली भरून ठेवत आणि स्वतः उठून बुंदीपाशी जात. हाक फक्त शेंगदाण्यासाठी, फिरायला जायला, किंवा नुसतं डोक्यावर हात फिरवायला. पहिल्या आठवड्यात बुंदीचा विश्वास बसेना. आठ फूट, सहा फूट, चार. एका दुपारी त्या पेपर वाचता वाचता सहज "बुंदी, ये" म्हणाल्या आणि बुंदीनं येऊन हनुवटी त्यांच्या गुडघ्यावर ठेवली. बाईंनी पेपर बाजूला ठेवला. मग त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या.

त्याच संध्याकाळी त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. बजाबाई पडल्या तेव्हा त्यांनी फळं पाठवली होती, डॉक्टरचं बिल विचारलं होतं, पण समोर जाऊन बसल्या नव्हत्या.

बजाबाई गळ्यात हात अडकवून लसूण सोलत होत्या. त्या मूळच्या केम गावच्या. चार वर्षांपूर्वी लेकाकडे राहायला आल्या होत्या.

"मी आधीच यायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"बसा की," बजाबाई म्हणाल्या. "मला कुत्र्याचं भ्या न्हाय बाई. आमच्या वस्तीवर चार हुती. पर ती भुईवर असायची. जिन्यात अंगावर आलं मंजी माणूस जातंय कुटं?"

"तिला शिकवतेय. पण अनोळखी माणसाच्या अंगावर न जाणं, हे शिकवायला अनोळखी माणूस लागतं."

बजाबाईंनी लसणाची पाकळी ताटात टाकली. "मंजी मला बसवताय व्हय तिच्याम्होरं?"

"तुमची इच्छा असेल तरच. पट्टा माझ्या हातात राहील."

"बसते की. हितं दिवसभर मला दुसरं काय काम हाय?"

मग रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये बजाबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसत आणि बाई बुंदीला घेऊन समोरून जात. उडी मारायचा विचार बुंदीच्या खांद्यात दिसायचा. बाई थांबायच्या, बुंदी बसायची, मग शेंगदाणा. चौथ्या दिवशी शेंगदाणा बजाबाईंनीच दिला. आठव्या दिवशी त्या बुंदीला केमच्या गोष्टी सांगत होत्या. धनाजी गाडी लावताना हे बघायचा आणि वर जायचा.

परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी होती. सकाळी सातलाच हवा तापली होती. पुण्याहून आलेल्या परीक्षक, उंच, पांढऱ्या केसांच्या महिला, हातात कागद घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. धनाजी सोसायटीतर्फे आला होता, आईला घेऊन. बजाबाईंचं प्लास्टर निघालं होतं.

बुंदी पट्ट्यावर छान चालली. बसली. अनोळखी माणूस म्हणून एक गृहस्थ जवळ आले, हात मिळवून गेले, बुंदी जागची हलली नाही.

मग तीन मिनिटं पडून राहायचं होतं. मालकानं वीस पावलांवर पाठ करून उभं राहायचं. बाई पाठ करून उभ्या राहिल्या. दोन मिनिटं गेली. इतक्यात मैदानाच्या कडेनं शेळ्यांचा कळप आला. बाईंना मागचं दिसत नव्हतं, पण लोकांची कुजबुज ऐकू आली. त्या वळल्या तेव्हा बुंदी उठून शेळ्यांच्या मागे धावत सुटली होती.

परीक्षक म्हणाल्या, "तुम्ही एकदा बोलावू शकता."

बाईंच्या गळ्यात एकतीस वर्षांचा आवाज भरून आला. त्यांनी श्वास सोडला, गुडघ्यावर बसल्या आणि घरात म्हणायच्या तसं म्हणाल्या, "बुंदी, ये."

इतक्या लांबून तिला ऐकू गेलं असेल असं कुणाला वाटलं नाही. बुंदी थांबली. तिनं शेळ्यांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. मग वळली आणि धूळ उडवत सरळ धावत आली, ती थेट बाईंच्या अंगावर. बाई मागे कलंडल्या, साडी मातीनं भरली. बुंदी त्यांचं तोंड चाटत होती आणि बाई पडल्या पडल्या तिला मूठभर शेंगदाणे चारत होत्या.

निकाल तासाभरानं लागला. डॉबरमन पास झाला, झीनतचं पांढरं कुत्रंही पास झालं. बुंदी सहा गुणांनी नापास. पडून राहण्यात शून्य, आणि शेवटी अंगावर उडी. परीक्षकांनी कागदावर शेरा लिहिला होता, 'बोलावल्यावर येणे : उत्कृष्ट. जूनमध्ये पुन्हा बसावे.'

बाई कागद घेऊन धनाजीकडे गेल्या. "मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या. "पुण्याला ऋतुजाशी बोलते. काहीतरी सोय..."

धनाजी कागद वाचत होता. बजाबाईंनी त्याच्या दंडाला हात लावला.

"कसली सोय? ती कुत्री बोलावल्यावर आली का न्हाय? एवढ्या शेळ्या सोडून आली की. तू तरी माझ्या हाकंला येतूस का असा?"

धनाजी हसू दाबत म्हणाला, "आई, नियम म्हणून काही असतं."

"मोडलं ते हाड माझं. मला चालतंय. आजून कुणाचं हाड मोडलं तर मग बघ."

धनाजीनं कागद घडी करून बाईंना परत दिला. "जूनमध्ये पुन्हा बसवा, मॅडम. तोवर जिन्यात पट्टा सोडू नका."

बाई होय म्हणाल्या.

सगळे गेल्यावर सरफराज काठ्या उपटत होता. बाई त्याला मदत करू लागल्या. एक काठी हातात धरून त्या म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते अजून. मी शिकवीन. रोज येईन तुझ्याकडे."

सरफराजनं मान हलवली. "नको, बाई. वीस वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर दिली असती. आता माझं बरं चाललंय. कुत्री आवडतात मला, अभ्यास तेव्हाही नव्हता आवडत."

बाईंनी हातातली काठी बाकीच्या काठ्यांवर ठेवली. भरून द्यायला निघालेली गोष्ट त्याला नकोच होती, आणि ते त्यांना मान्य करावं लागलं.

"पण एक काम आहे," तो म्हणाला. "पुढच्या बुधवारी नवे लोक येतायत. आठ जण. हाक मारून शिक्षा करायची नाही, हे मी सांगितलं की लोक वाद घालतात. म्हणतात, मारल्याशिवाय शिकतं का कधी? माझं तासभर डोकं जातं. ते तुम्ही सांगाल का?"

"मी? माझी कुत्री नापास झाली आहे."

"म्हणून तर."

बुधवारी सव्वासहालाच बाई मैदानावर होत्या. आठ माणसं आपापल्या कुत्र्यांना आवरत उभी होती. एक तरुण आपल्या पिल्लाला "ये म्हटलं ना" म्हणून जवळ ओढत होता, आणि पिल्लू चारी पाय रोवून बसलं होतं. बाई त्याच्याकडे चालत गेल्या, शेजारी मातीत बसल्या आणि म्हणाल्या, "तो पट्टा जरा सैल सोडा. मी एकतीस वर्षं शिक्षिका होते. माझ्या हातून काय चुकलं ते आधी सांगते."